भूकंपानंतर मुले आणि कुटुंबे कशी सावरतात : किल्लारीचा अनुभव आणि आपल्यासाठी उपयुक्त माहिती

लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती विसर्जन करून माणसे रात्री उशिरा घरी आली आणि दमून झोपली. त्या झोपेतच घरे अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. औसा तालुक्यातील किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात असे धक्के दरवर्षी शंभराहून अधिक वेळा बसतात आणि बहुतेक ठिकाणी एवढी जीवितहानी होत नाही. इथे माणसे मेली ती घरांमुळे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात थंड, पण हादरा बसला की भिंत दोन्ही बाजूंनी फुटते आणि धाबे खाली येते. शिवाय तेव्हाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता, त्यामुळे तयारी म्हणून कोणाची नव्हतीच.

हा विषय बुऱ्हाणपूरच्या सभासदांसाठी का घेतला, हे आधी सांगतो. आपण सातपुडा आणि तापीच्या पट्ट्यात राहतो. १४ मार्च १९३८ चा भूकंप शास्त्रज्ञ 'सातपुडा भूकंप' या नावानेच ओळखतात आणि त्याची तीव्रता किल्लारीच्याच जवळपासची होती. तो जमिनीत खूप खोल झाल्यामुळे तेवढी हानी झाली नाही. १९९८ मध्ये आपल्या जुन्या पूर्व निमाड जिल्ह्यात, खंडवा-पंधाना भागात, लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. २२ मे १९९७ ला जबलपूर हादरले ते तर सर्वांना आठवत असेल. इतवारा, राजपुरा, सिंधीपुरा इथली जुनी, दोन-तीन मजली, अरुंद गल्लीतली घरे बघितली की मनात काय येते ते लिहायची गरज नाही. भीती घालण्याचा हेतू नाही. पण घर पडल्यानंतर घरातल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे काय करायचे याचा विचार सहसा कोणी आधी करून ठेवत नाही. किल्लारीच्या निमित्ताने तो अनुभव मराठीत, आपल्याच माणसांनी गोळा करून ठेवला आहे.

मुले कोणाजवळ राहावीत

किल्लारीनंतर सर्वांत मोठा प्रश्न आला तो आईबाप गमावलेल्या किंवा एकच पालक उरलेल्या मुलांचा. त्याची तीन उत्तरे त्या काळात दिसली आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर दूर नेण्याचे. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी वसतिगृह आणि शाळा उभी राहिली. गावात शाळेची इमारत नाही, शिक्षकच दुःखात, घरात पत्र्याचे शेड आणि आजारी आजी, अशा स्थितीत मुलाचे वर्ष वाया न जाणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यातली अनेक मुले शिकून नोकरी-धंद्याला लागली. त्याच वाघोलीत नंतर मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले शिकायला आली. मेळघाट म्हणजे आपल्या शेजारचेच, धारणीची माणसे बाजाराला बुऱ्हाणपुरात येतात.

दुसरे उत्तर जवळ ठेवण्याचे. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू झाले. तेही निवासी केंद्रच, पण मूल आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच बोलीत वाढते. मामा-काकांना सणाला भेटायला येता येते आणि मुलालाही सुट्टीत गावाकडे जाता येते.

तिसरे उत्तर कोणत्याही संस्थेचे नव्हते. मोठ्या संख्येने मुले आजी, मामा, चुलते यांच्याकडे गेली. त्यांच्यावर लेख लिहिले गेले नाहीत, फोटो छापले गेले नाहीत. आज बालसंरक्षणाचे काम करणारे जगभरचे लोक जे सांगतात ते याच तिसऱ्या उत्तराच्या जवळ जाणारे आहे : मूल शक्यतो ओळखीच्या माणसांत ठेवा, भावंडांची ताटातूट करू नका आणि वसतिगृह हा पर्याय नाइलाज असेल तेव्हाच घ्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारने अनाथ मुलांच्या घाईच्या दत्तकविधानावर बंदी घातली, त्याचे कारणही हेच. संकटात हरवलेले मूल अनाथच असते असे नाही. आई दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बेशुद्ध असू शकते.

माझे मत विचाराल तर वाघोलीच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला आजीपासून दोन-तीनशे किलोमीटर दूर नेणे मला जड जाते. मोठ्या मुलाची गोष्ट वेगळी. दहावीच्या वर्षातला मुलगा स्वतः विचार करू शकतो, त्याला विचारावे. लहान मुलाचे जग चार-पाच माणसांचे असते. त्यातली दोन गेली असतील तर उरलेली तीन त्याच्यापासून काढून घेऊ नयेत.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. एकटे सापडलेले मूल कोणीही 'आम्ही सांभाळू' म्हणून परस्पर घरी नेऊ शकत नाही. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. १०९८ या क्रमांकावर फोन केला की पुढची व्यवस्था कळते. नातेवाइकांकडे राहणाऱ्या गरजू मुलासाठी मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. महिला व बाल विकास विभागाकडे त्याचा अर्ज करायचा असतो. आजीच्या पेन्शनवर दोन नातवंडे वाढत असतील तर ही रक्कम थोडी नाही, आणि अशा घरांना ती माहीत नसते हेच नेहमीचे.

घर मिळाले, शेजार गेला

पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून राबवला. पूर्ण उद्ध्वस्त ५२ गावे नवीन जागी बांधली गेली. ज्या गावांत घरे पडझड झालेली होती तिथे घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने रक्कम आणि सोबत इंजिनीअरचा सल्ला, अशी पद्धत ठेवली. अशी घरे दोन लाखांच्या आसपास होती.

नव्या गावांतील घरांचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला. भूमिहीनांना २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. एका आकाराची घरे एका ओळीत. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात भावकी फुटली. ज्या जावेच्या अंगणात मूल टाकून शेतावर जाता येत होते ती जाऊ आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. रस्ते इतके रुंद की समोरच्या दारातल्या बाईशी बोलायला ओरडावे लागते. शेत जुन्या गावाजवळ आणि घर दूर. अभ्यासकांनी पुढच्या वर्षांत या गोष्टी नोंदवल्या आहेत. लोकांनी आपल्या परीने उपाय केले : पुढे पडवी काढली, पत्र्याची खोली जोडली, चूल बाहेर नेली. अनेक जण कित्येक महिने, काही जण त्याहून जास्त काळ, पक्क्या घरात झोपायलाच तयार नव्हते. सिमेंटचे घर आत सामान ठेवायला आणि माणसे बाहेर शेडमध्ये.

लहान मुलावर याचा थेट परिणाम होतो. पूर्वी त्याच्यावर दहा डोळे असायचे, आता एकट्या आईचे, आणि ती स्वतः खचलेली. मुलाला सावरणारे मोठे माणूसच विखुरले गेले तर मुलासाठी कितीही खेळणी वाटा, उपयोग थोडा.

दुरुस्तीच्या गावांत मात्र एक वेगळी गोष्ट घडली आणि ती मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' बायका उभ्या केल्या. हजाराहून अधिक गावांत हे काम पोहोचले. या बायका सरकारी हप्ता कधी येतो, लोखंडाची सळई कुठे घालायची, कोपऱ्याचे दगड कसे बांधायचे हे शिकल्या आणि शेजारणींना शिकवले. ज्या बाईने चार महिन्यांपूर्वी घरातले माणूस गमावले ती इंजिनीअरला प्रश्न विचारू लागली. त्यातून बचतगट झाले, पुढे लहान व्यवसाय झाले. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथे गेल्या आणि तिथल्या बायकांजवळ बसल्या. भाषा वेगळी, पण 'आमचेही असेच झाले होते' हे सांगायला फार भाषा लागत नाही.

गुजरातने कच्छमध्ये बहुतेक ठिकाणी गाव न हलवता, घरमालकाच्या हाती पैसा देऊन, त्याच्या देखरेखीखाली घर बांधण्याचा मार्ग धरला. किल्लारीचे अनुभव त्याआधी समोर आलेले होते.

सास्तूर-अणदूर परिसरात आरोग्याचेही काम झाले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने, डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने, गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवले.

मुलांच्या मनात काय चालते

पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, ज्यांना आपण 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून जास्त ओळखतो, ते या भूकंपाच्या मानसिक परिणामांच्या अभ्यासात होते. त्यापूर्वी आपल्याकडे आपत्ती म्हटली की धान्य, ब्लँकेट आणि औषध एवढेच. माणसाच्या मनालाही मार लागतो आणि त्यावर काम करावे लागते, हे सरकारी पातळीवर मानले जाण्यास अशा कामांचा हातभार लागला.

वयाप्रमाणे लक्षणे वेगळी असतात. अगदी लहान मूल आईला चिकटून राहते, सुटलेली सवय परत येते, म्हणजे अंथरूण ओले करणे, अंगठा चोखणे. त्याला रागावू नये. शाळेच्या वयाची मुले भूकंप-भूकंप खेळतात : विटा रचायच्या, पाडायच्या, बाहुली खाली पुरायची. मोठ्यांना हे अशुभ वाटते आणि ते ओरडतात. वास्तविक मूल जे बोलू शकत नाही ते खेळून काढते. खेळू द्यावे, फक्त तोच खेळ महिनोन्महिने तसाच चालला आणि मूल खेळतानाही घाबरलेलेच दिसले तर दाखवावे. या वयात आणखी एक गोष्ट असते जी विचारल्याशिवाय कळत नाही. मुलाला वाटते की आपल्यामुळे झाले. 'मी त्या दिवशी आईशी भांडलो होतो.' त्याला एकदा नाही, पुष्कळदा सांगावे लागते की जमीन कोणाच्या भांडणाने हलत नाही.

वयात आलेली मुले गप्प होतात किंवा चिडतात. घरात बाप खचला असेल तर मोठा मुलगा एकाएकी कर्ता होतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. मुलगी असेल तर ती स्वयंपाक आणि लहान भावंडे अंगावर घेते आणि तिची शाळा सुटते. तिचे लग्न लवकर उरकण्याची घाई सुरू होते. कौतुक करणाऱ्यांनी या मुलांनाही कोणी कुशीत घेणारे आहे का हे पाहावे.

खरे सांगितले पाहिजे हा मुद्दा आपल्या घरांत सर्वांत अवघड जातो. 'आई देवाघरी गेली', 'बाबा गावाला गेले' असे सांगण्याची आपली पद्धत. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून मूल दारात बसते. चार वर्षांच्या मुलालाही साध्या शब्दांत सांगावे : आई मेली, ती परत येणार नाही, तिला आता दुखत नाही, तू माझ्याजवळ राहणार आहेस. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. तेराव्याच्या दिवशी मुलाला शेजाऱ्याकडे पाठवून देण्याऐवजी, त्याची इच्छा असेल तर, जवळ बसवावे.

उलट बाजूने, मुलाला पुन्हा पुन्हा 'सांग, त्या रात्री काय झाले' असे विचारू नये. पत्रकार, पाहुणे, मदत घेऊन आलेले कार्यकर्ते, सगळेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली तिचा सारांश तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. गरज काय ते पाहायचे, ते बोलतील तेवढे ऐकायचे आणि पुढची मदत जिथे आहे तिथे पोहोचवायचे. कुरेदून काढायचे नाही.

दिनक्रम हे मोठे औषध आहे. म्हणून शाळा लवकर सुरू करण्याचा आग्रह असतो. झाडाखाली का होईना, ठरलेल्या वेळी घंटा वाजली, ओळखीच्या गुरुजींनी हजेरी घेतली, की मुलाला कळते की उद्याही असेच होणार आहे. कच्छमध्ये हे विशेष कठीण होते. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीतल्या शाळकरी मुलांवर अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळली. त्या मुलांचे स्मारक तिथे आहे. त्यांच्या वर्गातल्या उरलेल्या मुलांना पुन्हा शाळेत बसवणारे शिक्षक काय काळजाचे असतील.

महिना उलटला तरी झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल, किंवा मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर थांबू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. हा क्रमांक मोठ्यांसाठीही आहे. बापाचे दारू पिणे वाढले तर मुलाचे सावरणे तिथेच अडकते आणि नुकसानभरपाईचा पैसा हातात आला की पिणे वाढते, हे किल्लारी भागातही दिसले.

पैसा आणि कागद

हा माझ्या नोकरीतला विषय, म्हणून थोडे सविस्तर.

मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४, ज्याला तहसीलमध्ये सगळे 'आरबीसी सहा-चार' म्हणतात, त्याप्रमाणे मिळते. मृत्यूसाठी वारसाला ४ लाख रुपये, आणि घर, जनावरे यांचे दर वेगळे. पंचनामा पटवारी करतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आधार, समग्र आयडी, बँक पासबुक लागते, आणि नेमके हेच सर्व ढिगाऱ्याखाली असते.

खरी अडचण त्यापुढे येते. मृताचे मूल लहान असेल तर पैसा पालकाच्या हातून जातो. मी शाखेत असताना एक गृहस्थ पुतण्याच्या नावच्या ठेवीवर कर्ज मागायला आले होते. ट्रॅक्टर घ्यायचा होता. मुलाचा बाप अपघातात गेलेला, रक्कम त्याची. ते गृहस्थ वाईट नव्हते, मुलाला घरी सांभाळत होते आणि सांभाळतो आहे म्हणजे पैसाही माझाच असे त्यांना मनापासून वाटत होते. कर्ज दिले नाही. वर्षभर त्यांनी मला रामराम केला नाही.

मोटार अपघाताच्या दाव्यांत न्यायाधिकरण अल्पवयीन मुलाची रक्कम तो १८ वर्षांचा होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायला सांगते. भूकंपाच्या मदतीतही कुटुंबाने आपणहून तसेच करावे. मुद्दल मुलाच्या नावे, व्याज दरमहा सांभाळणाऱ्याच्या खात्यात. सांभाळणाऱ्यालाही खर्च असतो, तो नाकारू नये. घर किंवा शेती मुलाच्या वाट्याची असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे आईबापांनासुद्धा ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. काका-मामांची गोष्टच दूर. त्यांना आधी न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. आपल्याकडे साध्या स्टॅम्प पेपरवर 'राजीखुशीने' व्यवहार होतात, त्यांना काही किंमत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही पुष्कळांना माहीत नसते. बँक नॉमिनीला पैसे देते ते वारसांच्या वतीने. वहिनीऐवजी धाकटा भाऊ नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हाती येतील, हक्क मुलांचा आणि त्यांच्या आईचाच राहील. पण हातातला पैसा परत मागणे किती सोपे असते ते ज्याचे त्याला माहीत. आपापली पासबुके काढून नॉमिनीचा रकाना एकदा वाचावा. बऱ्याच जणांचा रिकामा निघेल, काहींच्या रकान्यात वारलेल्या आईचे नाव असेल.

कागदांच्या प्रतींबद्दल : घराची रजिस्ट्री, आधार, समग्र, मुलांचे जन्मदाखले आणि मार्कशीट, विमा, ठेवींच्या पावत्या यांच्या झेरॉक्स दुसऱ्या गावच्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवाव्यात. आपल्यातले बहुतेकांचे कोणी ना कोणी जळगाव, भुसावळ, खंडवा किंवा इंदूरला आहेच. मोबाइलमध्ये फोटो काढून डिजिलॉकरला टाकले तर आणखी चांगले. आणि मुलांना, पहिलीतल्या मुलालासुद्धा, घरचा एक आणि बाहेरगावच्या नातेवाइकाचा एक, असे दोन फोन नंबर तोंडपाठ असावेत. मोबाइल आल्यापासून नंबर पाठ करण्याची सवय मोठ्यांचीही गेली आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी नातवाला विचारून पाहा, आणि मग स्वतःलाही.